बोलता बोलता तोल का जातो?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारातल्या थकव्यावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तोलाबद्दल विचारणाऱ्यांनी जाता जाता विसराळूपणाचा उल्लेख केला होता आणि स्मरणशक्तीबद्दल विचारणाऱ्यांनी शेवटच्या ओळीत पडल्याचं सांगितलं होतं. म्हणून या वेळची चारही पत्रं याच जोडीबद्दलची आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांचा निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा. मी बोलणार आहे ते घरात, भिंतीच्या आणि खुर्चीच्या आधारानं काय करता येतं त्याबद्दल.

प्रश्न : माझं वय ३९. एमएसचं निदान होऊन सात वर्षं झाली. काठीशिवाय चालते. पण तोंड धुताना डोळे मिटले की मागे झोक जातो. आणि चालताना कुणी काही विचारलं की मला थांबावं लागतं, नाहीतर पाय अडखळतो. घरचे म्हणतात, ‘तुझं लक्षच नसतं.’ ऑफिसात दोघं एकदम बोलू लागले की विषय हातातून निसटतो. तोलाचे व्यायाम वेगळे आणि मेंदूचे वेगळे करायचे का? घरच्या घरी काय करता येईल?

घरच्यांना आधी हे वाचून दाखवा. तुमचं लक्ष नसतं असं मुळीच नाही. ते सगळंच्या सगळं उभं राहण्यात आणि पाऊल टाकण्यात खर्च होत असतं, म्हणून प्रश्नासाठी काही उरत नाही.

उभं राहायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून आणि तळपाय, घोटे, गुडघे यांच्याकडून. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणाला इजा करते. त्यामुळे या खबरा उशिरा पोचतात किंवा अर्धवट पोचतात. तळपायाकडून निघालेल्या खबरेचा रस्ता सगळ्यांत लांब, अख्ख्या मज्जारज्जूतून वर जाणारा, म्हणून तिला उशीर होण्याची शक्यताही जास्त. मग ती कसर डोळे भरून काढतात. तोंड धुताना तुम्ही डोळे मिटता, पुढे वाकता, डोकंही हलवता. म्हणजे ज्यांच्यावर सगळा भार होता ते डोळेच त्या क्षणी रजेवर जातात. डॉक्टर तपासताना पाय जुळवून डोळे मिटायला सांगतात ती रॉम्बर्गची चाचणी हेच पाहते. तोंड धुताना यापुढे एक हात बेसिनच्या कडेवर ठेवा, किंवा बसून धुवा. आजपासून करता येईल अशी ही पहिली गोष्ट.

आता बोलण्याचं. इतरांची पावलं न बघता, न ठरवता पडत असतात. तुम्हाला तेच काम थोडं थोडं जाणीवपूर्वक करावं लागतं. त्यात कुणी विचारलं, ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ तर त्याच लक्षाची मागणी दोन ठिकाणांहून येते. अशा वेळी तुम्ही थांबता, हे शहाणपणाचं आहे. मेंदूनं आधी न पडणं निवडलं. मला काळजी वाटते ती न थांबता उत्तर देत देत वळणाऱ्यांची.

ऑफिसात विषय निसटतो त्याचं मूळही याच्या जवळपास आहे. एमएसमध्ये विचारशक्तीवर काही ना काही परिणाम झालेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण ४० ते ६५ टक्के येतं. त्यात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळा मंदावतो तो माहिती समजून घेण्याचा वेग. शब्दसंपत्ती, आजवर मिळवलेलं ज्ञान हे बहुधा चांगलं टिकून राहतं. दोघं एकदम बोलू लागले की माहिती तुमच्या वेगापेक्षा जास्त वेगानं येते, एवढंच. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. स्मरणशक्ती दुबळी होते, विचार सावकाश होतात, हे त्यांच्या व्याख्यानांतही आहे. तरी नंतर कितीतरी दशकं तपासणी पायांची आणि डोळ्यांची होत राहिली आणि विचारांच्या तक्रारीला ‘ताण घेऊ नका’ एवढंच उत्तर मिळत गेलं. याचं मला फार वाईट वाटतं. किती लोकांनी स्वतःलाच आळशी ठरवलं असेल!

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आधी वेगवेगळे करा, मग एकत्र करा. हा क्रम मोडू नका.

सुरुवात जागेपासून. खोलीचा एक कोपरा मोकळा करा. पाठ कोपऱ्याकडे करून उभ्या राहा, म्हणजे मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत येते. समोर चाकं नसलेली, जड खुर्ची, तिची पाठ तुमच्याकडे करून. गालिचा काढा, मोजे काढा, दिवा लावा. मोबाइल हाताच्या अंतरावर असू द्या, पण घंटी बंद, कारण घंटी वाजली की माणूस हटकून वळतो. व्यायामाआधी लघवीला जाऊन या. अनेकांचं पडणं तिकडे घाईनं जाताना होतं. दिवसातला थकवा कमी असलेला वेळ निवडा. पहिले काही आठवडे घरात कुणीतरी असावं, आणि शक्य असेल तर एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष तपासून घ्या. कुठली खबर किती उशिरा पोचते हे पत्रावरून मला कळत नाही, आणि पहिली पायरी ठरते ती त्यावरूनच.

मग उभं राहणं. आधी दोन्ही पाय जुळवून अर्धा मिनिट. ते हात न लावता सलग तीन-चारदा जमलं की एक पाऊल अर्धं पुढे, म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याच्या बाजूला. मग दोन्ही पावलं एका रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकून. मग एका पायावर. प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट जमायला काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन महिने. बोटांची टोकं खुर्चीला हलकी टेकवली तरी चालतील, मूठ आवळू नका. मूठ आवळली की काम हात करतात आणि घोट्यांना काही शिकायला मिळत नाही.

ज्या पायरीवर तुम्ही पक्क्या झालात तिथेच डोकं हळूहळू डावी-उजवीकडे, मग वर-खाली करा. हे कानाच्या आतल्या तोलयंत्रणेसाठी. तसंच अंगठा समोर धरून त्याच्यावरची नजर न हलवता डोकं डावी-उजवीकडे फिरवणं. हे मात्र आधी बसून करा, नखाची कड स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगानं. तोल आणि डोळ्यांच्या हालचाली यांचे व्यायाम एकत्र घेतलेला एक मोठा प्रयोग अमेरिकेत कोलोराडोमध्ये झाला, २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात तोल तर सुधारलाच, चक्कर आणि थकवाही कमी झाला. थोडी चक्कर आली तर थांबून ती ओसरू द्या आणि मग पुढे जा. मळमळलं तर त्या दिवशी तेवढंच.

डोळे मिटून उभं राहणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं, पण ते पाय थोडे लांब ठेवून सुरू करा आणि दहा सेकंदांपासून. घट्ट उशीवर उभं राहणं हेही उपयोगी. डोळे मिटणं आणि उशी ही दोन्ही एकाच वेळी, शेजारी माणूस असल्याशिवाय कधीही करू नका. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

यासोबत पायांत ताकद हवीच. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं, टेबलाला धरून टाचा उचलणं, टेबलाच्या कडेनं आडवं चालणं. उठण्यापेक्षा बसताना जास्त वेळ घ्या.

आता एकत्र करण्याची पाळी. नियम एक : पायांना जी पायरी पक्की जमते तिच्या खालच्या पायरीवर उभं राहून डोक्याला काम द्या. एका पायावर अर्धा मिनिट जमत असेल तर डोक्याचं काम पावलं एका रेषेत ठेवून. तिथे ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगा. मग १००मधून तीन-तीन वजा करत खाली या. मग आकडा आणि अक्षर आलटूनपालटून : १-क, २-ख, ३-ग. हे दिसतं सोपं, पण ७-८च्या पुढे बऱ्याच जणांचे पाय हलू लागतात. दोनाचा किंवा पाचाचा पाढा म्हणू नका, तो जिभेवर इतका बसलेला असतो की मेंदूला श्रमच पडत नाहीत. सतराचा पाढा उलटा म्हणा. घरातल्या कुणाला सुरुवातीला पाच शब्द सांगायला लावा, दोन मिनिटं जागच्या जागी पावलं उचला आणि मग ते शब्द आठवून सांगा.

पावलांचा खेळ मला सगळ्यांत आवडतो. फरशीवर रंगीत चिकटपट्टीनं चार चौकोन आखा. कागद नकोत, ते पायाखाली सरकतात. चौकोनांना १ ते ४ आकडे द्या. समोरच्यानं आकडा म्हणायचा, तुम्ही त्या चौकोनात पाऊल टाकून परत यायचं. हे जमलं की नियम घाला : सम आकड्याला उजवा पाय, विषमाला डावा. त्यानंतर उलटा नियम : ‘एक’ म्हटलं की चारमध्ये, ‘दोन’ म्हटलं की तीनमध्ये. सवयीनं उचललं जाणारं पाऊल रोखायचं आणि दुसरं टाकायचं, हे रस्त्यावर, गर्दीत, दारात क्षणोक्षणी लागणारं कसब आहे. यात खुर्ची एका बाजूला हाताशी असू द्या.

हे करताना स्वतःकडे बघा. बहुतेक लोक शब्द आठवताना श्वास रोखतात आणि नजर पायाकडे नेतात. श्वास चालू ठेवा, नजर समोरच्या भिंतीवर. बोलणं थांबलं आणि पाय स्थिर राहिले तर ठीक आहे, तुमच्या मेंदूनं योग्य निवड केली. बोलणं चालू राहिलं आणि शरीर हेलकावलं, तर एक पायरी खाली या. काही दिवसांनी मुद्दाम वाटणी करा : एक मिनिट ‘आज पाय चुकता कामा नयेत’, पुढचं मिनिट ‘आज उत्तर चुकता कामा नये’. लक्ष एकीकडून दुसरीकडे स्वतःच्या इच्छेनं नेता येणं हे शिकता येतं, आणि तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा उपयोग घराइतकाच ऑफिसातही होईल असं मला वाटतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजी चालता चालता वजाबाक्या बिनचूक करायच्या, पण नातीशी फोनवर बोलताना मात्र भिंत धरायच्या. वजाबाकीत पुढे काय येणार ते ठरलेलं असतं. नात काय विचारेल ते ठरलेलं नसतं. म्हणून शेवटची पायरी खऱ्या गप्पांची ठेवा. कुणालातरी सोबत घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारा आणि त्यांनी मधूनच काहीही विचारावं.

दहा मिनिटांपासून सुरू करा, आठवड्यातून चार-पाच दिवस. पुढे वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत जा, मध्ये बसून विश्रांती घेत. एमएसच्या सौम्य ते मध्यम त्रासात आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम लागेल असा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, असं २०१३च्या कॅनडातल्या मार्गदर्शनात सांगितलंय. अमेरिकेच्या नॅशनल एमएस सोसायटीनं २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या हालचालीचं ध्येय मांडलं. हे आकडे पोचायचं ठिकाण आहेत, पहिल्या आठवड्याचा हिशोब नव्हे.

प्रश्न : माझे पती ५७ वर्षांचे आहेत. एमएस आता हळूहळू वाढत जाणाऱ्या टप्प्यात आहे. काठी वापरतात. गेल्या काही महिन्यांत दोनदा घरातच पडले. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, पण मला इतकी धास्ती वाटते की मी त्यांना एकटं उभंही राहू देत नाही. त्यावरून ते चिडतात. हल्ली उत्तर द्यायलाही वेळ लावतात, मग मीच वाक्य पुरं करते. व्यायाम बंद ठेवावा का?

बंद ठेवू नका. तुमची भीती खरी आहे. वेगवेगळ्या देशांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा एमएस असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण तीन महिन्यांत एकदा तरी पडलेले आढळले. पण बसून राहिलं की मांड्या आणि घोटे दुबळे होतात, वळायची सवय जाते, आणि पुढचं उठणं आधीपेक्षा धोक्याचं होतं. भीतीनं पडणं कमी होत नाही, लांबतं एवढंच.

त्यांचे व्यायाम खुर्चीत सुरू करा. पाठ न टेकता खुर्चीच्या पुढच्या भागात बसायचं, पावलं जमिनीवर सपाट. तुम्ही समोर बसून हात धरा, कधी डावीकडे, कधी खाली, कधी त्यांच्या हाताच्या अंतरापेक्षा थोडा पुढे. त्यांनी तुमच्या तळव्याला स्पर्श करायचा. ते जमलं की डोक्याचं काम जोडा : तुम्ही दोन बोटं दाखवलीत तर उजव्या हातानं, तीन दाखवलीत तर डाव्यानं. उभं राहणं जड टेबलाशी, मागे खुर्ची ठेवून. दोन्ही तळवे टेबलावर, मग एक तळवा, मग फक्त बोटं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, टाचा उचलणं, चवडे उचलणं. चालताना पाऊल घासत असेल, बोटं फरशीला अडत असतील, तर डॉक्टरांना सांगा, घोट्याला आधार देणारा पट्टा मिळतो आणि त्यानं खूप फरक पडतो.

वळणं शिकवा. बरेच जण वळताना पडतात. एका पायावर गिरकी घेऊन वळायचं नाही, लहान लहान चार-पाच पावलांत वळायचं, पावलं एकमेकांना ओलांडू न देता. काठी नेहमी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. तिच्या टोकाचं रबर आज काढून पाहा, झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला.

तुम्ही उभं कुठे राहायचं? त्यांच्या कमजोर बाजूला, किंचित मागे. एक हात कमरेच्या पट्ट्याजवळ. दंड धरून ओढू नका, त्यानं खांदाही दुखावतो आणि तोलही जातो. पडल्यावर लगेच उचलायला धावू नका. डोकं आपटलं का, खुबा किंवा मनगट दुखतंय का ते आधी विचारा. डोकं आपटलं असेल किंवा खुबा दुखत असेल तर हलवू नका, वैद्यकीय मदत बोलवा. सगळं ठीक असेल तर त्यांना कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर यायला वेळ द्या, समोर खुर्ची ठेवा आणि तिच्या आधारानं उठू द्या. जमिनीवरून उठणं हाही एक व्यायामच आहे, तो फिजिओथेरपिस्टसमोर आधी शिकून घ्या. आपल्याला उठता येतं हे कळलं की पडण्याची धास्ती तुमची आणि त्यांची दोघांचीही उतरते. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

चिडण्याबद्दल एवढंच म्हणेन, दिवसातला कोणता वेळ त्यांनी एकट्यानं उभं राहायचं, कुठल्या खोलीत, कशाला धरून, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. ठरलेल्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. आणि वाक्य पुरं करू नका. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर तयार होत असतं, त्याला वेळ लागतो. मध्येच तुमचं वाक्य आलं की त्यांना पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. ते उंबरठा ओलांडत असतील, वळत असतील किंवा बसत असतील तेव्हा काहीही विचारू नका. बसल्यावर विचारा.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी निदान झालं. स्मरणशक्तीसाठी रोज तासभर मोबाइलवर कोडी सोडवतो. गुण वाढत आहेत, पण नावं आणि कामं तशीच विसरतो. कुणी म्हणालं, भरपूर व्यायाम कर, मेंदू पहिल्यासारखा होईल. काय खरं?

गुण वाढतात ते त्या कोड्यात वाढतात. तेच ते कोडं सोडवून नावं लक्षात राहू लागतील अशी आशा धरू नकोस. घरबसल्या १२ आठवडे केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, २०१७ सालच्या, एमएस असलेल्या १३५ जणांचे दोन गट केले होते. एकाला साधे संगणकावरचे खेळ, दुसऱ्याला माणसाच्या प्रगतीप्रमाणे अवघड होत जाणारा सराव. दुसऱ्या गटाची विचारशक्तीच्या चाचण्यांतली प्रगती जास्त होती. म्हणजे सराव सतत जमण्याच्या किंचित पलीकडे राहायला हवा. जे सहज येतं ते खेळ म्हणून खेळ, व्यायामात धरू नकोस.

आणि व्यायामानं मेंदू पहिल्यासारखा होईल असं मी तुला सांगणार नाही. सहा देशांतल्या ३११ जणांवरचा एक मोठा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. ते सगळे वाढत जाणाऱ्या प्रकारच्या एमएसचे होते. १२ आठवडे काहींना विचारशक्तीचा सराव आणि दम लागणारा व्यायाम असे दोन्ही दिले, काहींना एकच, काहींना दोन्हींचे नुसते नाममात्र पर्याय. विचारांच्या वेगात दोन्ही एकत्र करणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. तुझ्या आजाराचा टप्पा बहुधा वेगळा आहे, तरी मी हा निकाल लपवणार नाही. व्यायाम कर तो तोलासाठी, ताकदीसाठी, थकवा कमी होण्यासाठी, मन उल्हसित राहण्यासाठी. तिथे त्याचा उपयोग पक्का आहे. मनाची मरगळ आणि अपुरी झोप या दोन्ही विचारांचा वेग खाली आणतात, त्यामुळे त्या वाटेनंही तुला फायदा होईल.

नावं लक्षात ठेवायला एक पद्धत शिक. आठवायच्या गोष्टी गुंफून एक छोटी गोष्ट तयार करायची आणि ती डोळ्यांसमोर चित्रासारखी आणायची. एमएस असलेल्यांमध्ये दहा बैठकांत शिकवून ही पद्धत तपासली गेली आहे आणि शिकण्याची क्षमता सुधारल्याचं २०१३ साली दाखवलं गेलं. समज, तुला छत्री, शिक्का, डबा आणि बॅटरी या चार गोष्टी न्यायच्या आहेत. छत्री उघडली तर आतून डबा पडला, डब्याच्या झाकणावर शिक्का उमटलेला, आणि आत बॅटरी पेटलेली. जितकं विचित्र तितकं चांगलं. मग कोपऱ्यात पाय जुळवून उभा राहा आणि ती गोष्ट मोठ्यानं सांग. पहिल्या पत्राच्या उत्तरातल्या पायऱ्या तुलाही लागू आहेत.

आणखी एक. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना विचारांच्या वेगाची चाचणी करायला सांग. चिन्हं आणि आकडे जुळवायची ती चाचणी ९० सेकंदांची असते. निदानानंतर एकदा आणि मग दरवर्षी ती व्हावी अशी शिफारस आहे. आजचा आकडा नोंदलेला असेल तर पाच वर्षांनी ‘मी खरंच मंदावलो का?’ या प्रश्नाला उत्तर असेल. लघवीच्या घाईवरची किंवा स्नायूंच्या ताठरपणावरची काही औषधंही डोकं जड करतात. घेत असशील तर तेही विचार, पण स्वतःहून बंद करू नकोस.

प्रश्न : व्यायाम सुरू केल्यावर पंधरा मिनिटांत एका डोळ्यापुढे धुरकट दिसू लागतं, पायही जड होतात. बसलं की तासाभरात सगळं ठीक. हा नवीन अटॅक आहे का? मी आजारात भर घालते आहे का?

नाही. एमएसमध्ये अटॅक म्हणजे नवी इजा होऊन लक्षणं उफाळणं. इथे तसं नाही. शरीर तापलं की इजा झालेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाहीत, तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी पुरतं. थंड झालं की जातात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊथॉफ यांनी हे १८९० साली टिपलं. त्यात नवी इजा होत नाही. याच अनुभवाला घाबरून एमएसच्या रुग्णांना कितीतरी वर्षं व्यायामापासून दूर ठेवलं गेलं. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा इथे १५ आठवडे नियमित दमछाकीचा व्यायाम दिलेल्या रुग्णांची ताकद आणि दमसास वाढलेला दिसला, तेव्हा कुठे मत बदलू लागलं.

पण धुरकट दिसत असताना तोलाचा व्यायाम चालू ठेवायचा नाही, कारण तुमचे डोळे त्या वेळी भरवशाचे नसतात. वेळ पाच-पाच मिनिटांत तोडा. पंखा लावा, आधी आणि मध्ये गार पाणी प्या, मानेभोवती ओला रुमाल ठेवा, गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर लगेच व्यायाम नको. तोलाचे व्यायाम आधी आणि दमवणारे नंतर घ्या.

डॉक्टरांना कळवायचं ते केव्हा? नवं लक्षण, किंवा जुनंच पण वाढलेलं, २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि अंगात ताप नाही, तेव्हा. ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर आधी संसर्गाची तपासणी करून घ्या, कारण संसर्गानंही जुनी लक्षणं डोकं वर काढतात. अटॅक ठरला तर त्या दिवसांत उभ्यानं करायचे व्यायाम थांबवा. बसून पाय हलवणं, घोटे फिरवणं चालू ठेवा. डॉक्टरांनी होकार दिला की पुन्हा कोपऱ्यात उभ्या राहा, पण पूर्वी जिथे होता तिथून नको. पाय जुळवण्यापासून सुरू करा, डोळे उघडे, डोक्याला काही काम न देता.